‘तुझा डिसिजन आहे, तू ठरव’ – न्यू जर्सीहून आलेलं एक पत्र

पत्र:

ताई नमस्कार. मी मूळची सांगलीची, वय ३८. पुण्यातून एमएस्सी स्टॅटिस्टिक्स केलं आणि २०१२ला लग्न होऊन एडिसनला आले. एच-फोर व्हिसा, म्हणजे एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा, असल्यामुळे तीन वर्षं घरीच होते, २०१५मध्ये ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, मिळालं आणि एका फार्मा कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागले, पुढे पर्मनंट झाले, आता माझ्या टीममध्ये सहा जण आहेत. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. गेल्या आठवड्यात मला डायरेक्टरची पोस्ट ऑफर झाली आणि तेव्हापासून मला झोप नाहीये. नवरा चांगला आहे हो, सगळी मदत करतो, तो म्हणाला ‘तुझा डिसिजन आहे, तू ठरव’. सासूबाई फोनवर म्हणाल्या, आम्हीही झेडपीच्या शाळेत नोकऱ्या केल्या, घर सांभाळून केल्या, कुणाला सांगत बसलो नाही. माझी बॉस अमेरिकन आहे, साठीची, तिची मुलं मोठी झालीत, ती म्हणते मी कुणाच्या आधाराशिवाय इथवर आले, तुलाही जमेल. गणपतीला मंडळात बातमी कळली तर सगळे म्हणाले, नशीबवान आहेस, नवरा करू देतो. ताई, इथे तर सगळ्यांना समान संधी आहे, मग मलाच का जमणार नाही असं वाटतंय? मुलगा झाला तेव्हाही नवऱ्याने चारच दिवस सुट्टी घेतली होती, त्याच्या टीममध्ये कुणी पुरुष घेत नाही म्हणून, आणि मी तेव्हाही सांभाळलंच की. आता का घाबरतेय? माझ्यातच काही कमी आहे का? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

उत्तर:

अगं, आधी मनापासून अभिनंदन. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एवढ्या सगळ्यांनी एवढं सगळं म्हटलंय, पण तुझं साधं अभिनंदन केल्याचं कुठे दिसलं नाही, मंडळातही अभिनंदन झालं ते नवऱ्याचं. ‘करू देतो’ म्हणजे काय गं? स्टॅटिस्टिक्स तू शिकलीस, सहा जणांची टीम तू चालवतेस, आणि श्रेय परवानगी देणाऱ्याला. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण म्हणणारी माणसं वाईट नसतात, प्रेमाने म्हणतात, आणि म्हणूनच ते जास्त आत जाऊन बसतं.

आता तू दोनदा विचारलंयस की तुझ्यात काही कमी आहे का. नाही. कमी आहे ती दुसरीकडे, आणि ते मी जरा सविस्तर सांगते, कारण अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बायका हा प्रश्न मला वारंवार विचारतात. इथली हवाच अशी आहे की जिंकलीस तर तुझी मेहनत आणि हरलीस तर तुझीच चूक, मधे बाकी कुणी नसतंच जणू, ना घर, ना कायदा, ना व्हिसा.

तुझंच घे. तीन वर्षं घरी होते हे तू इतक्या पटकन लिहून पुढे गेलीस, पण ती तीन वर्षं तू आळस केला नव्हतास, तुला कायद्यानेच काम करता येत नव्हतं. एच-वनवाल्याच्या जोडीदाराला, तेही ग्रीन कार्डची फाईल एका टप्प्याला पोचलेली असेल तरच, काम करायची परवानगी देणारा नियम २०१५च्या मे महिन्यात लागू झाला. त्याआधी आलेल्या किती डॉक्टर, इंजिनीयर, प्राध्यापक बायका घरी बसल्या आणि त्यांच्या कागदावर डिपेंडंट हा शब्द छापला गेला, आणि मग काही वर्षांनी त्या स्वतःच म्हणायला लागतात की माझ्या रेझ्युमेत गॅप आहे, माझा कॉन्फिडन्स गेला. आणि तू त्या गॅपनंतर कॉन्ट्रॅक्टवरून डायरेक्टरपर्यंत आलीस.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलेलं वाक्य सासूबाईंचं नाही आणि बॉसचंही नाही, नवऱ्याचं आहे. ‘तुझा डिसिजन आहे, तू ठरव’. ऐकायला किती छान, किती मोकळं, आपल्या आयांना असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्याने ते चांगल्या मनानेच म्हटलं असणार याबद्दल मला शंका नाही. पण बघ ना, त्याला जेव्हा प्रमोशन मिळालं असेल तेव्हा त्याने तुझ्याशी बसून असा विचार केला का, की मी हे घेतलं तर मुलांना शाळेतून कोण आणणार, ताप आला तर कोण थांबणार, समरला कॅम्पचं रजिस्ट्रेशन कोण बघणार? नसेल केला, कारण त्याची उत्तरं आधीच ठरलेली होती, तू. आणि आता तुझ्या प्रमोशनला तेच सगळे प्रश्न तुझ्याच ताटात, वर निर्णयही तुझा. म्हणजे घेतलंस आणि घर विस्कटलं तर तू घेतलंस म्हणून, आणि नाही घेतलंस तर तूच नको म्हणालीस, कुणी अडवलं होतं? कुणीच अडवलेलं नसतं. हे मी अनुभवाने सांगतेय. १९९९मध्ये आम्ही ओहायोत असताना मी एका ऑफिसात अशाच एका पोस्टला नको म्हटलं, माझ्या आपण होऊन, आणि पुढची कितीतरी वर्षं मी लोकांना अभिमानाने सांगायचे की तो माझा स्वतःचा निर्णय होता. आमच्या घरी तेव्हा या विषयावर एक संध्याकाळसुद्धा बोलणं झालं नव्हतं हे मला खूप उशिरा लक्षात आलं.

आता तुझी बॉस आणि तुझ्या सासूबाई. एक अमेरिकन, एक सांगली जिल्ह्यातल्या झेडपीच्या शिक्षिका, कधी एकमेकींना भेटल्यात की नाही माहीत नाही, पण दोघी एकच गोष्ट बोलतायत बघ, आम्ही केलं आणि कुणाला सांगत बसलो नाही. दोघींचा राग करू नकोस. तुझी बॉस साठीची आहे आणि मुलं मोठी झालीत म्हणजे ती मुलं जन्मली तेव्हा बहुतेक इथे बाळंतपणाला नोकरी राखून ठेवायची सक्ती करणारा देशपातळीवरचा कायदाच नव्हता, तो आला १९९३मध्ये, आणि तोही १२ आठवडे बिनपगारी, ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांपुरता. पगारी रजेचा देशभर लागू असा कायदा खाजगी नोकरीतल्या बाईला आजही नाही. गरोदर आहे म्हणून काढून टाकणं बेकायदेशीर ठरवणारा कायदासुद्धा १९७८चा. त्या काळात ऑफिसात टिकायचं तर घर आहे, मूल आहे, हे दिसूच द्यायचं नाही हे त्या बायका शिकल्या, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. २००७मध्ये समाजशास्त्रज्ञ शेली कोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात सारख्याच दर्जाचे अर्ज लोकांपुढे ठेवले, फरक एवढाच की एकावरून कळायचं की ही आई आहे, तर आईला कमी लायक समजलं गेलं आणि पगारही सुमारे ११ हजार डॉलर कमी सुचवला गेला, आणि वडील असलेल्या पुरुषाला मात्र त्याचा काही तोटा नाही. तर ‘कुणाच्या आधाराशिवाय’ म्हणताना ती खोटं बोलत नसेल, पण तिला सांभाळणारी कुणी बाई, पाळणाघर, आई, शेजारीण असणारच. एकट्याने केलं असं सांगायचीच इथे रीत आहे त्यामुळे ती माणसं गोष्टीतून गळतात. सासूबाईंचंही तेच, त्यांची सकाळ किती वाजता सुरू व्हायची हे त्यांना एकदा निवांत विचार, मला वाटतं त्यांना कधी कुणी विचारलेलंच नाही.

आणि अमेरिकेला हे करता येत नाही असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात बायका कारखान्यात हव्या होत्या तेव्हा सरकारने लॅनहॅम कायद्याखाली पैसे देऊन देशभर पाळणाघरं चालवली, पोर्टलंडच्या जहाज कारखान्यात तर रात्रपाळीच्या आयांसाठी सुद्धा सोय होती. युद्ध संपलं, पुरुष परत आले, १९४६मध्ये पैसा थांबला. मग १९७१मध्ये देशभर बालसंगोपनाची सोय करणारं बिल दोन्ही सभागृहांत पास झालं आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर व्हेटो वापरला, त्यामुळे कुटुंबपद्धतीला धक्का बसेल असं कारण देऊन. म्हणजे तू आज डेकेअरला जे पैसे भरतेस ना, त्याच्यामागे कुणीतरी केलेली निवड आहे. समान संधी म्हणजे दार उघडलंय हे खरं, १९६४च्या नागरी हक्क कायद्याने ते उघडलं आणि ते फार मोठं काम होतं, पण दारापर्यंत येताना कुणाच्या कडेवर मूल आहे हे तो कायदा बघत नाही. २०२२च्या सरकारी पाहणीत एखाद्या सरासरी दिवशी घरातली झाडलोट, कपडे वगैरे कामं ४७ टक्के बायकांनी केली आणि २२ टक्के पुरुषांनी. हे अमेरिकेतलं आहे, आपल्याकडचं नाही.

आता त्या चार दिवसांबद्दल. तू ते असं सहज लिहिलंयस, पण मी तिथेच थांबले. न्यू जर्सीत पगारी फॅमिली लीव्ह २००९पासून आहे, बापालाही आहे, आणि २०२०पासून ती १२ आठवड्यांपर्यंत मिळते, पगाराच्या ८५ टक्क्यांपर्यंत, वरची एक मर्यादा धरून. तुझा मुलगा त्यानंतर झाला. म्हणजे १२ आठवडे होते आणि चार दिवस घेतले, कारण टीममध्ये कुणी पुरुष घेत नाही. त्यात त्याची एकट्याची चूक आहे असं मी म्हणत नाही, एच-वनवर असताना मॅनेजरच्या नजरेत येणं म्हणजे काय भीती असते हे आपण सगळे जाणतो. पण एक गोष्ट सांगते, तीही न्यू जर्सीतलीच, आणि ती त्यालाही वाचून दाखव.

पॉला विझेनफेल्ड नावाची एक शिक्षिका होती, नवरा स्टीव्हन. ती त्याच्यापेक्षा जास्त कमवायची आणि तिच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शन-विम्याचा, टॅक्स नेमाने कापला जायचा. १९७२मध्ये बाळंतपणात ती गेली, मुलगा वाचला. स्टीव्हनने ठरवलं की आपण घरी राहून बाळाला वाढवायचं, म्हणून तो सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात पैसे मागायला गेला, तर कळलं की मूल सांभाळणाऱ्या जोडीदाराचा तो भत्ता फक्त विधवांना असतो, त्याचं नावच आईचा भत्ता. त्याने न्यू ब्रन्सविकच्या पेपरला पत्र लिहिलं, ते फिरत फिरत रूथ बेडर गिन्सबर्गपर्यंत गेलं, त्या पुढे सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती झाल्या, तेव्हा वकील आणि प्राध्यापक होत्या. केस सुप्रीम कोर्टात उभी राहिली तेव्हा त्यांनी स्टीव्हनला वकिलांच्या टेबलाशी शेजारी बसवून घेतलं, न्यायमूर्तींना एक बाप समोर दिसावा म्हणून. १९७५मध्ये कोर्टाने एकमताने स्टीव्हनच्या बाजूने निकाल दिला. आणि त्यातला मुद्दा किती साधा आहे बघ, पॉलाने पुरुषाएवढाच टॅक्स भरला पण तिच्या कुटुंबाला पुरुषाच्या कुटुंबाएवढं संरक्षण मिळालं नाही, म्हणजे तिच्या कमाईची किंमत कमी धरली. नवऱ्याला बाप म्हणून घरी राहू दिलं नाही तर बायकोच्या नोकरीचा अपमान होतो, दोन्ही एकच गोष्ट आहे. तुझ्या नवऱ्याला ते १२ आठवडे घ्यायची लाज वाटली आणि तुला आज डायरेक्टर व्हायची भीती वाटतेय, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत असं मला वाटतं.

गिन्सबर्ग यांची आणखी एक आठवण तुझ्या कामाची आहे. त्यांचा मुलगा शाळेत खोडकर, आणि शाळेतून फोन नेहमी आईच्या ऑफिसात यायचा. एकदा त्या शाळेला म्हणाल्या की या मुलाला दोन पालक आहेत, फोन आलटून पालटून करा, आता त्याच्या वडिलांची पाळी आहे. त्या नंतर सांगायच्या की त्यानंतर फोन खूपच कमी झाले. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट, पण अलीकडे अमेरिकेतल्या हजारो शाळांच्या प्रिन्सिपलना दोन्ही पालकांचे नंबर देऊन ईमेल पाठवून पाहिलं, तेव्हाही आईला फोन जाण्याची शक्यता बापाच्या १.४ पट निघाली. गिन्सबर्ग बाईंना १९५९मध्ये लॉ स्कूलमधून वर्गात अव्वल येऊनही न्यूयॉर्कच्या फर्म्सनी नोकरी दिली नव्हती, आणि पुढे १९८०मध्ये त्यांची वॉशिंग्टनला न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली तेव्हा नवरा मार्टी न्यूयॉर्कमधलं काम सोडून बरोबर गेला, घरचा स्वयंपाकही तोच करायचा, हौसेने. तो ‘करू देतो’ म्हणाला नाही, तो स्वतः करत होता.

आता शुक्रवार. माझं मत विचारशील तर घे ती पोस्ट. पण उत्तर द्यायच्या आधी दोन बैठका कर, एक घरी, एक एचआरकडे.

घरची आधी. नवऱ्याला मदत मागू नकोस, मदत म्हणजे काम तुझंच राहतं, तो फक्त हात लावतो आणि सांगायचं काम तरीही तुझ्याकडे. अख्खा विभाग दे. शाळा त्याची म्हणजे सगळी शाळा, डबा, फोन, डॉक्टरची फाईल, स्पिरिट डेला कुठल्या रंगाचा शर्ट, सगळं आठवणीत ठेवण्यासकट. पहिले दोन महिने डब्यात रोज पास्ता जाईल, मुलगी चुकीच्या रंगाचा शर्ट घालून जाईल, तू मधे पडू नकोस. मला माहितीये हे सगळ्यात अवघड आहे, कारण मुलीचा शर्ट चुकला तर लोक तिच्या आईलाच बोलतात. तरी नको पडूस. आणि त्याला स्पष्ट सांग की ‘तू ठरव’ मला नकोय, आपण ठरवू, कागद घेऊन बस माझ्याबरोबर. तू लिहिलंयस ना तो चांगला आहे, मग बसेल. एखादवेळी चिडेलही, त्याच्या वडिलांनी हे केलेलं त्याने पाहिलेलं नाही, त्याला शिकायला वेळ लागेल, पण ४ वर्षांच्या पोरासमोर तो शिकेल हेही कमी नाही.

मग एचआर. पहिला आकडा त्यांनी सांगितला की लगेच थॅंक्यू म्हणू नकोस. १९६३मध्ये समान वेतनाचा कायदा झाला तेव्हा पूर्णवेळ काम करणाऱ्या बाईला पुरुषाच्या एका डॉलरमागे ५९ सेंट मिळायचे, २०२३मध्ये ८३. अलाबामातल्या लिली लेडबेटर यांनी टायर कारखान्यात १९ वर्षं काम केलं, बरोबरीच्या पुरुषांपेक्षा पगार कमी होता हे त्यांना नोकरीच्या शेवटी शेवटी एका निनावी चिठ्ठीतून कळलं, आणि २००७मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की तुम्ही तक्रार करायला उशीर केलात. जे माहीतच नव्हतं त्याची तक्रार वेळेत कशी करायची होती त्या बाईने? २००९मध्ये त्यांच्या नावाने कायदा झाला तेव्हा कुठे ते सुधारलं, त्यांना स्वतःला मात्र त्यातून एक पैसा मिळाला नाही. तुझ्या राज्याचा २०१८चा समान वेतन कायदा चांगला कडक आहे आणि जून २०२५पासून न्यू जर्सीत जाहिरातीत पगाराची रेंज द्यावीच लागते, तेव्हा आधी रेंज शोध, मग बोल. आणि तू अजून एच-फोरवरच असशील तर तुझं काम करणं नवऱ्याच्या नोकरीला बांधलेलं आहे हे विसरू नकोस, माझ्या स्वतःच्या नावाने स्पॉन्सर कराल का हे विचारायची हीच वेळ आहे, नंतर कुणी विचारू देत नाही, फक्त त्याआधी एका इमिग्रेशन वकिलाशी बोलून घे.

एक राहिलं. तुझ्या घरापासून गाडीने साधारण अर्ध्या तासावर रोझेल गाव आहे, १८८३मध्ये आनंदीबाई जोशी बोटीतून उतरल्यावर तिथेच कार्पेंटर बाईंच्या घरी राहिल्या होत्या, मग तिथून फिलाडेल्फियाला जाऊन १८८६मध्ये डॉक्टर झाल्या. आपल्याकडे त्यांची गोष्ट सांगताना गोपाळरावांनी शिकवलं असं सांगतात आणि इथे सांगताना एकट्या धाडसी मुलीने केलं असं सांगतात, आणि दोन्हीत ती परक्या मुलीला घरात घेऊन मावशीसारखं सांभाळणारी बाई मागे राहते. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन चक्कर मार त्या गावात, मुलीला सांग सगळं, कार्पेंटर बाईंसकट.

शाळेच्या इमर्जन्सी फॉर्मवर पहिला नंबर कुणाचा आहे ते आजच बघ, वर्षाच्या मधेही बदलता येतो. आणि शुक्रवारी काय झालं ते मला लिही, मी वाट बघतेय.